उभ्या चौकटीतले मामा

सोलर प्लांट, फलोदीच्या पुढं सोळा किलोमीटर,
राजस्थान.
११ जून, बुधवार

तीर्थस्वरूप चन्नवीर मामा यांना भाचा रुद्रेशचा, वाळूत गुडघे टेकून, शरणु शरणार्थी. बसव्वा मामीच्या पाया पडतो. रक्षिताला आशीर्वाद लिहिणार होतो, पण ती माझ्यापेक्षा सहा इयत्ता पुढं गेलेली आहे, म्हणून तिला नुसती आठवण.

मी इकडं बरा आहे. ऊन सोडलं तर कशाचा त्रास नाही, आणि ऊन सोडता येत नाही, कारण कंपनीच उन्हावर चालते. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही. गेल्या महिन्यात तुमच्या तब्येतीवरून मी एकट्यानं जेवढा गोंधळ घातला, तेवढा कागलात कुठल्या डॉक्टरनंही घातला नसेल. तरी रीत आहे म्हणून विचारतो. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? मामीची बीपीची गोळी वेळेवर चालू आहे का, की मशिनीत मिरची असली की गोळी विसरली, असंच चालू आहे?

(हे पत्र रक्षिता वाचून दाखवत असणार. माझं नाव निघालं की तुमचा चष्मा सापडत नाही, हे मला कळलंय. रक्षे, मधलं काही गाळू नकोस. जिथं मला शिव्या बसायच्या असतील तिथं थांब, त्यांना देऊ दे, मग पुढं वाच.)

पत्राचं कारण तुम्हाला माहीत आहे. आज एकोणीस दिवस झाले, तुम्ही माझ्याशी बोललेला नाही. फोन केला की मामी उचलते नि हळू आवाजात सांगते, “त्या पोराचा आवाज ह्या घरात नको म्हणत्यात रे.” पत्राला आवाज नसतो. म्हणून पत्र. मामा, नववीच्या परीक्षेत मराठीच्या पेपरात ‘मामांना पत्र लिहा’ असा प्रश्न आला होता, पाच मार्कांचा. मी तो सोडून दिला, कारण माझे मामा दोन गल्ल्या पलीकडं होते, त्यांना कशाला पत्र. त्या पेपरात चार मार्कांनी गेलो नि शाळा सुटली. आज तो प्रश्न लिहायला बसलोय. अकरा वर्षं उशीर झाला, एवढं पदरात घ्या.

आधी इथलं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वाळवंटात नजर पोचेल तिथवर काचेच्या प्लेटा मांडल्यात, सूर्याकडं तोंड करून. त्यांच्यावर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून आम्ही त्या पुसतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिलं टोक परत धुळीनं भरतं. (मामी म्हणेल, आमच्या घरात बी हेच चालतंय, आम्हाला कोण पगार देतंय.) प्रत्येक प्लेटमध्ये आपलं तोंड दिसतं. दिवसाकाठी सात-आठशे वेळा मी मलाच बघतो, आणि एवढं बघूनही सुट्टी झाली की वाटायचं, आपल्याला कुणीतरी बघायला पाहिजे. इथं मला नावानं हाक मारणारं कोण नाही. सुपरवायझर ‘ए महाराष्ट्र’ म्हणतो. खोलीतला ज्ञानू कबनूरचा, पण त्यालाही तो ‘महाराष्ट्र’च म्हणतो, त्यामुळं हाक आली की आम्ही दोघंही वळतो नि दोघांनाही काम लागतं. मोबाईलवर मात्र चाळीस माणसं का होईना, ‘रुद्रेश भाऊ’ म्हणायची. त्या चाळिसांतली निम्मी कोण आहेत हे मला माहीत नव्हतं, तरी बरं वाटायचं. ज्ञानूनं मला या नादाला लावलं असं लिहून मोकळा झालो असतो, पण नाद माझाच. त्यानं फक्त मोबाईल उभा करायचा स्टँड दिला.

सुरुवातीचे व्हिडिओ कसे होते ते विचारू नका. उंटाबरोबर काढला, तर खाली सगळे विचारायला लागले, उंटाचं नाव काय. माझं नाव व्हिडिओवरच लिहिलेलं होतं, ते कुणी वाचलं नाही. तुमची चटणी चपातीला लावून खाताना काढला, त्याला दोन कमेंट आल्या. एक रक्षिताची, नि दुसरीत कुणीतरी केस गळतीचं तेल विकत होतं. मग मला एक सर सापडले. म्हणजे मोबाईलवरच. व्हिडिओ कसे करायचे याचे ते व्हिडिओ करतात. त्यांचं म्हणणं असं: पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला धरा, नाहीतर त्याचं बोट वर सरकतं नि तुम्ही गेलात. मोबाईल उभाच धरा. चौकटीत माणूस एकच ठेवा. चेहरा जवळून घ्या, डोळ्यांत पाणी असलं तर फारच चांगलं. आणि टाकल्यापासून पहिल्या तासात येईल त्या प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, म्हणजे व्हिडिओ पळतो. हे मी वहीत लिहून घेतलं. शाळेत असताना कुठल्या सरांचं एवढं लिहून घेतलं असतं तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती.

मेच्या सुरुवातीला रजेवर आलो तेव्हा तुमच्या चटणी कांडायच्या डंकावर तळ ठोकून बसलो होतो, ते या सरांच्या नादानं. मामीला वाटलं, पोराला कामाचं वळण लागलं. मिरचीचं पोतं उचलायला सांगितलं तर उचललं पण. पण मामा, तुमच्याइतका अवघड माणूस व्हिडिओवाल्याला दुसरा मिळायचा नाही. तीन सेकंदांत तुम्ही काहीच करत नाही. बाई मिरची घेऊन येते. तुम्ही एक मिरची उचलता, मोडता, कानाजवळ नेऊन तिचा आवाज ऐकता, वास घेता, नि गप्प बसता. मग तिच्या सासूची चौकशी करता. मग परत वास घेता. मग म्हणता, “अजून एक ऊन दे हिला, उद्या ये.” याला सात मिनिटं लागली, मी मोजली. सात मिनिटांत जगातली माणसं दोनशे व्हिडिओ बघून होतात. तुम्ही मला विचारलं होतं, हे बघणार कोण. मी म्हणालो, सगळं जग. तुम्ही म्हणालात, “जगाला चटणी पायजे असंल तर मिरची घिऊन यावं की.”

चौदा दिवसांत त्रेपन्न तुकडे काढले. त्यातला एकच सरांच्या नियमात बसला. संध्याकाळी तुम्ही डंक बंद केलात, खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसलेत (त्या खोलीत सगळेच पुसतात) नि दाराकडं बघत नुसते उभे राहिलात. अकरा सेकंद. शेजारी मामी धन्यातले खडे वेचत बसली होती, तिचा कोपर आत येत होता. माणूस एकच पाहिजे म्हणून मी दोन पावलं पुढं सरकलो नि मामीला बाहेर काढलं. हा कोपर लक्षात ठेवा, मामा. तो कोपर आत राहिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तो तुकडा मी इथं परत आल्यावर काढून बघितला. डंकावर सगळं लाल; भिंती लाल, तुमच्या भुवया लाल. माझ्या मोबाईलला एवढा लाल रंग सोसत नाही, नुसता चिखल दिसतो. म्हणून रंग काढून टाकला. काळा-पांढरा केल्यावर तुम्ही फार चांगले दिसलात, खरं सांगतो. वेग थोडा कमी केला. खाली बासरी लावली. वर लिहिलं: ‘आमचे चन्नवीर मामा, कागल. मामा, तुमची लई आठवण येते.’ यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. त्या दिवशी खरंच येत होती.

आता तुम्ही म्हणाल, तू कोल्हापुरात फ्लेक्सच्या दुकानात सात महिने काढलेस (आठवा महिना लागायच्या आत सोडलंस, हेही म्हणाल), तुला कळायला नको? कळायला पाहिजे होतं. मी तिथं शिकलेलं एकमेव शास्त्र तेच. वाढदिवसाचा फलक आडवा. मधे ज्याचा वाढदिवस तो, नि दोन्हीकडं चाळीस डोकी, शुभेच्छुक म्हणून. एक डोकं राहिलं तर भांडण. श्रद्धांजलीचा फलक उभा. माणूस एकटा, रंग काढलेला. गिऱ्हाईक दारात यायच्या आधी मालक आम्हाला विचारायचा, आडवा का उभा? आम्ही गिऱ्हाइकाच्या चालीवरून ओळखायचो. असले उभे फलक मी स्वतःच्या हातानं शंभरभर केले असतील. आणि माझ्याच मामांना उभ्या चौकटीत एकटं घालून, रंग काढून, बासरी लावून, मी ते कागलभर फिरवलं.

शुक्रवारी सकाळी आठला टाकला. नऊच्या आत कमेंट यायला लागल्या. सरांचा नियम होता, पहिल्या तासात सगळ्यांना उत्तर द्या. मी प्लेट पुसत होतो, एक हात ओला. एक-एक वाचत कोण बसणार? जोडलेल्या हातांचं चित्र निवडलं नि येईल त्याला तेच चिकटवत गेलो. एकतीस जणांनी तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, आणि एकतिसांच्या खाली सख्ख्या भाच्यानं हात जोडून ती स्वीकारली. यानंतर कुणाला शंका का यावी?

मामा, इथपर्यंतचं सगळं तुम्हाला रक्षितानं सांगितलेलं आहे आणि इथपर्यंतचं सगळं माझ्या मूर्खपणात बसतं. मूर्खपणाची माफी तुम्ही मला लहानपणापासून देत आलाय. पुढचं कुणालाच माहीत नाही, ज्ञानूलासुद्धा. तेच लिहायचं म्हणून गेले चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय नि उंटाचंच लिहितोय.

मी अकरा वाजता पाण्याच्या टँकरखाली सावलीला बसून कमेंट वाचल्या. पहिली वाचली, दुसरी वाचली, आणि मला कळलं. नीट, पूर्ण कळलं. एका बोटाचं काम होतं, व्हिडिओ काढून टाकायचा. पण वर आकडा दिसत होता. माझ्या उंटाला एकशे चाळीस माणसांनी बघितलं होतं. तुम्हाला सव्वाआठ हजार. मी बघत असतानाच नऊ झाले. मी मनात म्हणालो, दहा होऊ देत, दहाला काढू. दहा झाले. मग वाटलं, आता जे समजायचं ते लोकांनी समजून झालंय, अजून अर्ध्या तासानं काय बिघडतंय. ज्ञानू दोन-दोनदा म्हणाला, “काय रं, एवढं काय बघतुयास?” मी म्हणालो, घरचा फोन येणार आहे. चार तास, मामा. पावणेतीनपर्यंत मी तुम्हाला मेलेलं ठेवलं. चुकून नव्हे. माहीत असून.

त्या चार तासांत तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं, आणि आता प्लेट पुसताना मी ते घड्याळ लावून शेजारी-शेजारी ठेवतो. साडेअकराला मी चहाचा पेला हातात घेऊन आकडा बघत होतो. साडेअकरालाच शेजारच्या शालूबाई दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या नि मामीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मामीनं विचारलं, काय झालं. त्या जास्तच रडल्या. मागं अजून दोघी उभ्या, त्यांच्याही हातात भाकरी. मामीला वाटलं, तुम्ही डंकावरच गेलात नि सगळ्या गावाला कळलं, फक्त आपल्याला कुणी सांगितलं नाही. तिनं फोन लावला. डंक चालू असला की तुम्हाला फोन ऐकू येत नाही. तीनदा लावला. मग ती अनवाणी पळत सुटली, गैबी चौकातून, भर उन्हात, बीपीची बाई. डंकावर तुम्ही पाठमोरे उभे. तिच्यानं हाक निघेना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिनं मशिनीचा खटका ओढला. तुम्ही मागं वळून ओरडलात, कुणी बंद केला म्हणून. ती खाली बसली नि रडायला लागली, आणि तुम्ही म्हणालात, “डोळं धुवून ये जा, मिरची गेली तुझ्या डोळ्यात.” तुमचीही चूक नाही. त्या खोलीत रडणं नि मिरची वेगळी ओळखू येत नाही.

पावणेतीनला रक्षिताचा फोन आला. ती रडत होती. तिनं विचारलं, “दादा, काय करून ठिवलंस हे?” नि माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी विचारलं, “तिकडं किती दिसतायत?” म्हणजे आकडा. मग तुम्ही फोन घेतलात. तुम्ही शिवी दिली असती, कानडीत दिली असती (कानडीतली जास्त बसते), तरी मी झेललं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, “रुद्र्या, मी जित्ता हाय. तू हैस का?” आणि फोन ठेवला. तुम्ही मला बोललेलं ते शेवटचं. त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. जुळवाजुळव चालू आहे.

आता सयाजीकाकांचं. हे नीट ऐकून घ्या, कारण माझ्यावरचा राग मला समजतो, पण त्यांच्यावरचा चुकीचा आहे आणि त्यालाही मीच कारण आहे. सिद्धनेर्लीचे सयाजीकाका म्हणजे तुमचे एकेकाळचे जिवाभावाचे, एका ताटात जेवणारे. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीच्या लग्नाची चटणी तुम्ही कांडून दिली, आणि ती खवट लागली म्हणून त्यांनी भर डंकावर, बायामाणसांत, तुमच्यावर आळ घेतला की माझी ब्याडगी मिरची ठेवून घेऊन दुसऱ्याची चटणी माझ्या डब्यात भरली. तुम्ही डोळे बांधून चटणीच्या वासावरून घर ओळखणारा माणूस. तुमच्यावर चटणी बदलल्याचा आळ म्हणजे दुधात पाणी घातल्याचा नव्हे, देवळातला देव बदलल्याचा आळ. तुम्ही खटका ओढून डंक बंद केलात नि त्यांना बाहेरची वाट दाखवलीत. तेव्हापासून ते पोतं स्कूटरवर टाकून निपाणीला जातात नि तुम्ही सिद्धनेर्लीच्या वाटेनंसुद्धा जात नाही.

त्या शुक्रवारी दीड वाजता ते आले. तुम्ही डंकाच्या दारात स्टुलावर बसून आलेल्या पिठलं-भाकरीतली एक भाकरी खात होता. (स्वतःच्या दुःखाची भाकरी स्वतः खाणारा माणूस तुमच्याशिवाय मला माहीत नाही. अन्नाचा काय दोष, असं तुम्ही म्हणालात म्हणे.) काकांनी स्कूटर लावली, फडक्यात बांधलेली भाकरी हातात, तुमच्याकडं बघितलं, थांबले, नि आल्या पावली फिरले. भाकरीसकट. आणि तुम्ही एकोणीस दिवस घरात एकच बोलताय, असं रक्षिता सांगते: “मी जित्ता दिसलो म्हणून तोंड वाकडं करून गेला. भाकरी बी परत नेली.”

मामा, जरा शांतपणे विचार करा. त्या दिवशी तुमच्याकडं बारा घरांतून भाकरी आली. बाराही जणांनी तुम्हाला जिवंत बघितलं, हसले, नि दुःखाची भाकरी तिथंच ठेवून गेले. जिवंत माणसाच्या दारात ती ठेवू नये, हे बारांतल्या एकालाही सुचलं नाही. तेराव्याला सुचलं. त्यांचा मुलगा राजवर्धन जोधपूरला ट्रक घेऊन येतो, मागच्या आठवड्यात मला भेटला. तो सांगत होता, म्हातारा त्या दिवशी दूधगंगेच्या पुलावर उतरला, फडकं सोडलं, भाकरी पाण्यात दिली, नि फडकंसुद्धा घरी आणलं नाही. कुणी विचारलं तर म्हणाला, “त्याच्या नावाची भाकरी माझ्या घरात बी नको नि त्याच्या दारात बी नको.” तोंड वाकडं झालं असेल, नाही असं नाही. रडू आवरताना कुणाचंही होतं.

मी एवढ्यात एक शिकलो. उभ्या चौकटीत एकच माणूस मावतो. शेजारचा कोपर कापावाच लागतो. आणि शेजारचं कुणी दिसेनासं झालं की जिवंत माणूससुद्धा गेलेला वाटतो. तुम्ही अकरा वर्षं सयाजीकाकांना तसंच एकटं उभं करून बघताय, खटक्याजवळ, तो एकच शब्द बोलताना. अकरा सेकंदांचा तुकडा. बाकीचे चाळीस वर्षांचे काका बाहेर राहिले. मी कुणाला शिकवायच्या लायकीचा नाही. पण कापायचं काम मी केलेलं आहे, म्हणून मला ओळखू येतं.

व्हिडिओचं खातं मी बंद करून टाकलं आहे. स्टँड ज्ञानूला परत दिला. त्यावर तो आता आरसा लावून दाढी करतो. काम सोडलेलं नाही, सोडणार नाही. इथं मला दहा महिने होत आले, हा माझा विक्रम आहे. मामीला म्हणावं, तिच्या पायाला फोड आले होते ते बरे झाले का. मी समोर येईन तेव्हा तिच्या त्याच पायावर डोकं ठेवीन. तुम्ही बोलला नाहीत तरी दिवाळीला येणार आहे, डंकावर पोती उचलीन, मोबाईल मामीच्या मिठाच्या डब्यात राहील. कळावे म्हणायची माझी पात्रता नाही. तुम्हाला सगळं माझ्या आधी कळतं.

तुमचा, कुठंही वर्ष न टिकलेला, भाचा
रुद्रेश

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. माझी चटणी संपली. बरणीच्या तळाला चपाती फिरवून काल शेवटचं खाल्लं. दोन किलो पाठवाल का? पोस्टानं नको, बरणी फुटते नि टपाल खात्याला ठसका लागतो. राजवर्धन येत्या मंगळवारी ट्रक घेऊन इकडं निघणार आहे, त्याच्याकडं द्या. बरणी त्याच्या घरी सिद्धनेर्लीला नेऊन द्यावी लागेल, कारण त्याचा ट्रक तुमच्या गल्लीत वळत नाही. (त्याच्याकडं मोटारसायकल आहे, हे खरं आहे. पण त्याला बोलावू नका.) आणि रक्षिताच्या हातून पाठवू नका, तिला बरणी जड होते.

ता. क. दोन. खातं बंद केलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. बाकीचं सगळं पुसलं. उंट गेला, चपाती गेली. तुमचा तो एक व्हिडिओ फक्त लपवून ठेवलाय, मला सोडून कुणाला दिसत नाही. पुसायला बोट गेलं होतं, पण व्हिडिओ पुसला की त्याच्याखालच्या कमेंटही जातात, आणि सव्वाबाराला आलेली एक कमेंट मला घालवता येईना. तुमच्यापर्यंत ती पोचलीच नाही. राजवर्धनच्या नावानं आहे, पण बोलणारं माणूस दुसरं आहे, हे तुम्ही पहिल्या ओळीत ओळखाल. जशी आहे तशी उतरवतो:

“चन्नवीरा चटणी तू बदलली नव्हतीस. आमच्याच घरातलं खोबरं खवट हुतं. म्हातारीनं लग्नानंतर चार दिसांनी सांगितलं मला. त्याच दिशी येऊन सांगायचं हुतं. लाज वाटली. मग रोज उद्या जातो उद्या जातो म्हणत अकरा वरसं गेली. निपाणीच्या चटणीला चव न्हाई. आता कुणाला सांगू. पोराला सांगून लिहून घेतोय. भाकरी घेऊन येतोय.”

हे त्यांनी तुम्ही गेलात असं समजून सांगितलेलं आहे. जिवंत माणसाला सांगायची लाज त्यांना अजून आहे, म्हणून ते फिरले. त्यांची यंदाची मिरची अजून पोत्यातच आहे, निपाणीला नेलेली नाही. जून अर्धा होत आला; हवा लागली तर बुरशी येईल, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तुम्ही बरणी घेऊन जाल तेव्हा येताना स्कूटरवर त्यांचं पोतं मावतं का बघा. पोतं डंकावर पोचलं की मला कळवा, त्या दिवशी खातं खरंच पुसतो.

ता. क. तीन. रक्षे, हे तुझ्यासाठी, पण आता उशीर झाला असणार. हे पत्र त्यांना घरात वाचून दाखवू नको. दुपारी डंक थांबला की तिथं घेऊन जा नि मिरचीच्या पोत्याजवळ बसून वाच. तिथं कुणाच्या डोळ्याला पाणी आलं तर कुणी विचारत नाही.